चित्राआधी भिंत आणि भांडवल

संपादक महोदय,

सार्वजनिक भिंतीवर चित्र काढायचे ठरले की चर्चा विषयाची आणि रंगांची होते. कलाकाराच्या हातात पैसे कधी पडणार, हे सर्वांत शेवटी विचारले जाते. रंग, प्रायमर, परांचीचे भाडे हे सारे आधी भरावे लागते. बिल मात्र पाहणीनंतर मंजूर होते. ही दरी भरायला कार्यादेशावर, म्हणजे काम दिल्याच्या लेखी आदेशावर, मिळणारे अल्प मुदतीचे कर्ज हवे आणि परतफेड बिलाच्या टप्प्यांशी जोडलेली हवी. ठरावीक मासिक हप्ता लावला तर पहिलाच थकतो, कारण तोवर भिंत नुसती वाळत असते.

आणि ती वाळायलाच हवी. नव्या सिमेंट गिलाव्याला निदान २८ दिवस द्यावेत, मग क्षार सोसणारा प्रायमर. घाई केली किंवा आत ओल मुरत असली, तर पांढरे क्षार फुलून रंगाचे पापुद्रे सुटतात. गळके पाइप आधी दुरुस्त करावेत. वरून कितीही भारी लेप दिला तरी ओल थांबत नाही.

शेजारच्या दुकानदारांकडेही पाहा. परांचीने दर्शनी भाग झाकला की विक्री घटते. पुढे वर्दळ वाढली तर माल भरायला पैसे लागतात. त्यांना मुदत कर्ज नको, लागेल तेवढे उचलून तेवढ्यावरच व्याज भरायची सोय हवी.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने १९५९ मध्ये बांधकाम खर्चाचा एक टक्का कलेसाठी राखायचा नियम केला. असा निधी उभारताना देखभालीचा वाटा पहिल्याच अंदाजपत्रकात वेगळा काढावा.

– एक वाचक