करप्याचं एक केंद्रक

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, सूत्री विभाजन म्हणजे एकाचे दोन, सारखे, हे तुम्हीच शिकवलंत ना?" शिकवलं खरं. कांद्याच्या मुळाचं टोक फळ्यावर किती वेळा काढलं असेन! पण यंदा खालच्या कोपऱ्यात भाताला करपा आला, म्हणून वाचायला बसलो, आणि त्या दोघांचं पुढे काय होतं हे मी कधी विचारलंच नव्हतं असं लक्षात आलं.

करप्याची बुरशी म्हणजे मॅग्नापोर्थे ओरायझी. तिचा बीजाणू तीन पेशींचा, प्रत्येकीत एक केंद्रक. ओल्या पानाला तो घट्ट चिकटतो, दोनेक तासांत त्यातून बारीक नळी फुटते. एक केंद्रक त्या नळीत उतरतं आणि तिथेच दुभागतं. एक नळीच्या टोकाला फुगणाऱ्या घुमटात जातं, दुसरं बीजाणूत माघारी. म्हणजे बीजाणूत पुन्हा तीन. आणि मग ती तिन्ही मोडीत निघतात! बीजाणू स्वतःलाच पचवतो आणि मरतो; उरतं फक्त घुमटातलं एक.

2006 साली एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासलं. विभाजन रोखलं तर घुमटच होईना. स्वतःला पचवणं रोखलं तर घुमट झाला, पण त्याला पानात शिरता येईना. मागच्यांनी मरायलाच हवं, असा हिशेब. मला तो जरा क्रूरच वाटला, पण बुरशीला कसलं काय!

घुमटाच्या भिंतीला मेलॅनिनचा काळा थर बसतो, आत ग्लिसरॉल साठतं, पाणी खेचलं जातं. दाब 8 मेगापास्कलपर्यंत चढतो, गाडीच्या टायरच्या साधारण चाळीसपट. त्या जोरावर एक खुंटी पानाची साल भेदून आत जाते. आपण फवारतो ते ट्रायसायक्लाझोल बुरशीला थेट मारत नाही, मेलॅनिन होऊ देत नाही. थर नाही तर दाब टिकत नाही. इतकी वर्षं फवारलं, हे ठाऊक नव्हतं.

आई म्हणते, पोरीला पत्रात बुरशी कसली लिहिता. तिचा आशीर्वाद वेगळा येईल.

ठिपक्यांची चार पानं वर्तमानपत्रात दाबून पाठवतोय. ओल्या टिपकागदावर रात्रभर झाकून ठेव, सकाळी ठिपक्यावरून सुईने खरवडून काचपट्टीवर घे. नासपतीच्या आकाराचं, आत दोन आडवे पडदे असलेलं दिसलं की तोच बीजाणू.

तुझा,
बाबा