पोराला ओढणीनं बांधून भागत नाही

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मी साताऱ्यात करंजेला राहते, मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, त्याला रोज स्कूटीवरून राजवाड्याकडं बालवाडीत सोडते. आत्तापर्यंत मागं बसवून माझ्याच ओढणीनं कमरेला बांधायचे, ओळखीतल्या कितीतरी बायका असंच करतात, बाकीच्या पुढं पाय ठेवायच्या जागेत उभं करतात. मागच्या महिन्यात दुपारी परत येताना त्याला डुलकी लागली, स्पीडब्रेकरवर गाडी आदळली आणि पोरगं एका बाजूला कललं, कमरेला ओढणी होती म्हणून पडलं नाही पण छातीपासून डोक्यापर्यंत सगळं बाहेर लोंबकळत होतं आणि मला पत्ताच नाही. मागच्या रिक्षावाल्या दादांनी ओरडून थांबवलं. उतरून बघते तर ओढणीचं सुटलेलं टोक चाकाला लागायला आलेलं, आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

त्या रात्री मोबाईलवर शोधत बसले तेव्हा कळलं की याचा नियम आहे. १५ फेब्रुवारी २०२२ ला केंद्रानं मोटार वाहन नियमातला १३८ वा नियम बदलला आणि एक वर्षानं तो लागू झाला. चार वर्षांच्या आतल्या मुलाला हार्नेस पाहिजे, म्हणजे मुलाच्या अंगात घालायचं पट्ट्यांचं जॅकेट, त्याचे पट्टे गाडी चालवणाऱ्याच्या खांद्यात अडकतात आणि पोराचं वरचं अंग आपल्या पाठीला धरून राहतं, ३० किलोपर्यंत वजन पेलेल असं. ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट, नाहीतर सायकलचं तरी, आणि असं मूल मागं असेल तर गाडी ४० च्या वर न्यायची नाही. चार वर्षांवरच्यांना तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे आपल्यासारखंच हेल्मेट. मी कमरेला बांधत होते आणि नियम छाती धरायला सांगतो, एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगितलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी पोवई नाक्याच्या आसपास तीन दुकानं फिरले, हार्नेस कुणाकडंच नाही, ऑनलाईन मागवा म्हणाले. लहान हेल्मेट एके ठिकाणी मिळालं पण ते डोळ्यावर घसरत होतं, तसलं घालून काय उपयोग. नंतर एका चौकात हेल्मेट तपासणी चालू होती, माझं बघितलं, पोराच्या उघड्या डोक्याकडं कुणी बघितलं नाही.

आणि नवरा-बायको-पोर असं तिघं जायचं तर कलम १२८ प्रमाणे मागं एकालाच परवानगी आहे. केरळनं २०२३ मध्ये लहान मुलांसाठी सूट मागितली होती, केंद्रानं दिली नाही. मला तरी ते बरोबरच वाटतं, पण ज्यांच्या गावाला वडापशिवाय (माणसं भरून नेणाऱ्या खासगी जीपशिवाय) काही येत नाही त्यांनी काय करायचं याचाही विचार व्हायला पाहिजे, नुसती पावती फाडून होणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की नवीन गाडी घेताना शोरूमवाले हेल्मेट देतात तेव्हाच घरात लहान मूल आहे का विचारावं आणि हार्नेस समोर ठेवावा, अंगणवाडीच्या पालक सभेत एकदा घालून दाखवावा. आणि साहेब, तुमच्या पेपरात हार्नेस कसा घालायचा त्याचा एक मोठा फोटो छापा, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात छापलात तर फार बरं होईल.

एक आई, करंजे, सातारा