कात्रजच्या धारेच्या दोन्ही अंगांना

धनकवडी, पुणे

प्रिय मिल्या,

"अजून पळतोस का रे?" असं विचारलंयस. पळतो की! तळजाई टेकडीच्या फेऱ्या मात्र बंद. तिथे सकाळी एवढी गर्दी, की नमस्कार-चमत्कारातच दम जातो.

हल्ली रविवारी उजाडता उजाडता कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी वाघजाईदेवीला हात जोडतो आणि डोंगराच्या धारेला लागतो. कात्रज ते सिंहगड तुला नव्याने काय सांगायचं? पौर्णिमेच्या रात्री त्या सगळ्या टेकड्या आपण बरोबरच तुडवल्या. पण तेव्हा डोळे गडाकडे. दोन्ही अंगांना उतरणाऱ्या डोंगराच्या सोंडांकडे बघायला फुरसत होती कुणाला? मी आता त्याच धरतो.

डोंगरावरच्या निम्म्याअधिक वाटा माणसांच्या नसतातच, बरं का. ढोरवाट उताराला आडवी, एकाच पातळीत जाते. खालीवर तशाच आणखी चार असतात, आणि चांगलं गवत आलं की ती विरून जाते. माणसाची वाट खिंडीला, पाण्याला नाहीतर देवळाला निघालेली असते. परवा शिवगंगेच्या खोऱ्याच्या बाजूला एका मळलेल्या वाटेने मजेत चाललो होतो, तर खालून एक गुराखीमामा ओरडले, "ओ पाव्हणं, ती जनावराची हाय! माणसाची तिकडनं, करवंदीच्या जाळीमागनं." जवळ गेल्यावर माझा अवतार बघून काळजीनेच विचारलं, "कुठलं जनावर सुटलंय तुमचं?" त्याशिवाय माणूस डोंगरात पळेल कशाला!

सोंडेची खरी गोम कातळात आहे. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा. कठीण थर उभा राहतो, मऊ थर झिजून त्याचा उतार होतो. त्यामुळे वरून बघावं तर सलग गवत, आणि मध्येच दोन पुरुष उंचीचा सरळसोट टप्पा. तो खालून दिसतो, वरून नाही. म्हणून अनोळखी सोंड मी आधी चढून बघतो, उतरणं नंतर. वेगाचं विचारू नकोस. मुरमाचा घसारा आला की सरळ बूड टेकून उतरतो.

पण धारेवर दक्षिणेला तोंड करून उभं राहिलं, की उजवीकडे राजगड-तोरणा, डावीकडे पुरंदर-वज्रगड. पाठीमागे पुणं, थेट आंबेगाव-नऱ्ह्याच्या पायथ्याला भिडलेलं. तिकडे मी फारसा बघत नाही.

दिवाळीला येणार म्हणतोस, त्यापेक्षा दसऱ्याच्या आत ये. सोनकी फुललीय, ओढे वाहताहेत. पुढे कुसळं वाळली की मोजे फेकूनच द्यावे लागतात. आणि गडावर जायचं नाही, आत्ताच सांगून ठेवतो. पिठलं-भाकरीची हुक्की आलीच, तर दुसऱ्या दिवशी गाडीने जाऊ. बूट तळाची नक्षी शाबूत असलेले आण, मागच्या वेळचे गुळगुळीत नकोत.

वहिनींना नमस्कार. तारीख लवकर कळव.

तुझा,
नंदू