ट्रकच्या आर्मवरचे रिव्हेट गॅसने उडवू नका

संपादक महोदय,

अमेरिकेत गॅरेजची मजुरी परवडत नाही म्हणून जुन्या पिकअप ट्रकची कामे घरीच करणारी मराठी माणसे आपले वृत्तपत्र इंटरनेटवर वाचतात. हे पत्र त्यांच्यासाठी आहे. 1988 ते 1998 या काळातल्या शेव्हरोले सी-1500 आणि के-1500 या ट्रकमध्ये पुढच्या सस्पेन्शनच्या वरच्या आर्मवरचा (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या वरच्या भुजेवरचा) बॉल जॉइंट, म्हणजे गोळीसारखा वळणारा सांधा, कारखान्यातच रिव्हेट ठोकून बसवलेला असतो. नवा जॉइंट मात्र नट-बोल्टसह मिळतो. जुने रिव्हेट काढताना लोक दोन चुका करतात. एक चूक आर्म निकामी करते आणि दुसरी जिवावर बेतते.

आधी दुसरीबद्दल, म्हणजे खालच्या आर्मला आधार न देण्याबद्दल. सी-1500 मध्ये कॉइल स्प्रिंग आणि के-1500 मध्ये टॉर्शन बार (पीळ पडून स्प्रिंगचे काम करणारी सळई), दोन्हींचा जोर खालच्या आर्मवर येतो. वरचा जॉइंट सुटला की त्या आर्मला रोखणारे काहीच उरत नाही. म्हणून चेसिसखाली भक्कम स्टँड लावल्यावर खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितक्या जवळ, वेगळा जॅक लावावा आणि आर्म किंचित वर उचलला जाईपर्यंत चढवावा. काम संपेपर्यंत हा जॅक हलवायचा नाही. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे हवेतच.

चाक काढल्यावर ब्रेकचा कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) सोडून तारेने चेसिसला टांगावा, होजवर म्हणजे ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. एबीएसची (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर क्लिपमधून मोकळी करावी. स्प्लिट पिन (नट फिरू न देणारी दुपाखी पिन) काढून जॉइंटच्या दांड्यावरचा मुख्य नट दोन-तीन आटे ढिला करावा, पण पूर्ण काढू नये. जॉइंट झटक्याने सुटला तर तोच नट नकलला (चाक ज्यावर बसते त्या वळत्या भागाला) अडवतो. सुटण्यासाठी सेपरेटर, म्हणजे जॉइंट नकलमधून सोडवणारे हत्यार, वापरावा. सुट्या भागांची मोठी दुकाने तो अनामत घेऊन वापरायला देतात. सेपरेटर नसेल तर नकलच्या ज्या भागात जॉइंटचा निमुळता दांडा बसतो, त्या भागाच्या कडेवर हातोड्याचे घाव घालावेत. दांड्याच्या टोकावर ठोकले तर आटे चेपतात आणि नट निघत नाही. सुटल्यावर नट काढून नकल तारेने बांधून ठेवावे.

आता पहिली चूक, रिव्हेट काढण्यातली. गॅसकटरने उडवण्याची सवय आपल्याकडच्या गॅरेजांतही आहे आणि ती वाईट आहे. आर्म दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचा असतो. तो लाल झाला की त्याची ताकद जाते, आर्मचे रबरी बुश (आर्म ज्यावर झुलतो ती नळकांडी) करपतात आणि शेजारच्या ग्रीसला आग लागू शकते. ड्रिलला वेळ लागतो, पण खात्रीची पद्धत तीच. रिव्हेटचे डोके कानशीने सपाट करून बरोबर मध्यावर सेंटर पंचची खूण करावी. 1/8 इंची बिटने सुमारे 1/4 इंच खोल भोक घ्यावे. मग 1/2 इंची बिटने फक्त डोके कापावे आणि बिट आर्मच्या पत्र्याला लागायच्या आत थांबावे. इथेच सगळे बिघडते. मध्य चुकला तर बिट आर्ममध्ये घुसते, भोक लांबट होते आणि नवा बोल्ट त्यात घट्ट बसत नाही. मग आर्मच बदलावा लागतो.

ड्रिलचा वेग कमी, दाब भरपूर आणि कटिंग ऑइल सतत, असे हवे. कोबाल्टचे बिट घेतलेले बरे. धातूच्या वेटोळ्या निघत असतील तर काम नीट चालले आहे. भुकटी आणि धूर निघू लागला की बिटची धार गेली, जास्त जोर लावून उपयोग नाही. डोळ्यांवर संरक्षक चष्मा घालावा. ड्रिल चालवताना कापडी हातमोजे नकोत, ते बिटमध्ये गुंडाळले जातात. ग्राइंडरने डोक्यावर फुली कापून छिन्नीने उडवताही येते, पण डिस्कचा ओरखडा आर्मवर उमटला तर पुढे तिथूनच तडा जाऊ शकतो. ठिणग्यांपासून ब्रेकचा होजही झाकावा लागतो.

डोके गेल्यावर रिव्हेट पंचने खाली ठोकून काढायचा. कारखान्यात ठोकताना भोकातच फुगलेला आणि शिवाय गंजलेला असल्याने तो सहज निघत नाही. आर्म बुशवर झुलतो, त्यामुळे घावाचा बराच जोर वाया जातो. पंचची जागा मोकळी ठेवून आर्मखाली जड लोखंडी ठोकळा टेकवला की फरक लगेच जाणवतो. तरीही हलला नाही तर रिव्हेटच्या दांड्यात त्याच्यापेक्षा लहान बिटने आणखी खोल भोक घ्यावे. आतून पोकळ झाला की तो सैलावतो.

बोल्ट जॉइंटसोबत आलेलेच वापरावेत, हार्डवेअरच्या दुकानातले साधे नकोत. ते कुठल्या दिशेने घालायचे आणि टॉर्क (आवळण्याचा जोर) किती, हे सोबतच्या कागदावर असते. हा टॉर्क चाकाच्या नटपेक्षा खूप कमी असतो. अंदाजाने आवळले तर बोल्ट ताणला जातो, म्हणून हा जोर मोजणारा टॉर्क पाना हवाच. निमुळता दांडा आणि त्याची जागा कोरडी व स्वच्छ असावी, तिथे ग्रीस लावू नये. मुख्य नट टॉर्कने आवळल्यावर स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळावा, जुळवण्यासाठी कधीही ढिला करू नये. ग्रीस निपलमधून रबरी बूट जरासा फुगेपर्यंतच भरावे. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे आणि आठवडाभर ट्रक चालवल्यावर सगळ्या नव्या बोल्टचा टॉर्क पुन्हा तपासावा.

— गाडीकाम करणारे काही वाचक, ह्यूस्टन (टेक्सास)