कायम होतेय, बाबा

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबांनी परत विचारलं, "परमनंटचं काय ठरलं?" आणि मी "बघते" म्हणून विषय बदलला. बोलताना गळा दाटेल अशी भीती वाटली, म्हणून लिहितेय. ठरलंय. पुढच्या महिन्यापासून मी कंपनीच्या पगारावर.

बाबा, तुम्ही साखर कारखान्यात अकरा वर्षं हंगामी काढलीत. गाळप संपून पट्टा पडला की घरात पसरणारी शांतता मला अजून आठवते. कारखाना बंद असतानाचे, रिटेन्शनचे थोडे पैसे यायचे, ते वाण्याची उधारी फेडण्यातच जायचे. कायम झाल्याची ऑर्डर तुम्ही देवापुढे ठेवली होतीत. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी संपताना मिळणाऱ्या रकमेला, हंगामी माणसाचा हंगामाला ७ दिवसांचा पगार धरतात आणि कायम माणसाचा वर्षाला १५ दिवसांचा, हे तुमच्या तोंडून ऐकून मला शाळेतच पाठ झालं होतं. माझं कॉन्ट्रॅक्ट तुम्हाला का टोचतं, ते मला कळतं.

पण बाबा, तुमच्यावर हंगाम लादला गेला होता. कॉन्ट्रॅक्ट मी मागून घेतलं. महिन्याचं बिल १,४०,०००, दहा टक्के टीडीएस कापून खात्यात १,२६,०००. आताचं पॅकेज १५ लाखांचं म्हणतात, पण पीएफ, ग्रॅच्युइटी, कर जाऊन हातात लाखभर येतील. कॉन्ट्रॅक्टमध्ये सुट्टीचे पैसे मिळत नाहीत, हेही खरं. एकदा तर बिल ७० दिवस अडकलं तेव्हा मी दादाकडून घरभाडं घेतलं. तुम्हाला सांगितलं नव्हतं, माफ करा. तरी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवला की निभतं. नुसता पैशांचाच प्रश्न असता तर मी जागची हलले नसते.

प्रश्न आईच्या गुडघ्यांचा आहे. स्वतंत्र विमा काढायला गेले, तर साखर आणि गुडघे हे आधीचे आजार, त्यासाठी तीन वर्षं थांबा म्हणाले. कंपनीच्या ग्रुप विम्यात तुम्ही दोघं पहिल्या दिवसापासून आहात, जुन्या आजारांसकट. एचआरकडून हे लेखी घेतलंय. मात्र तो विमा नोकरीला बांधलेला आहे, नोकरी सुटली की तोही सुटला. म्हणून तुमची वेगळी पॉलिसीही याच महिन्यात काढतेय. तिची तीन वर्षं सरेपर्यंत ही नोकरी नक्की करीन. त्यानंतर कदाचित पुन्हा कॉन्ट्रॅक्ट घेईन, बाबा. तेव्हा रागावू नका, एवढं आत्ताच मागून ठेवते.

आई, "माझ्यापायी पोरीनं मन मारलं" असं तू म्हणशील. म्हणू नकोस गं. दिवाळीत तू कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होतीस आणि मी वर उभी राहून बघत होते. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचलेलंच नाही.

तुझे जुने एक्स-रे आणि साखरेचे रिपोर्ट कपाटावरच्या पेटीत असतील. दादाला त्यांचे फोटो काढून पाठवायला सांग. दोघांची आधार कार्डंही हवीत. ऑपरेशनची तारीख तुझ्या सोयीने धरू, पण उन्हाळ्याच्या आत.

तुमची,
धाकटी