शुभे, खराट्याची काडी आठवते का?

माउंटन हाउस, कॅलिफोर्निया
25 जानेवारी 2026

प्रिय शुभे,

तुझे तीन मेसेज आणि संक्रांतीचा फोन, कशालाच उत्तर दिलं नाही, चिडली असशील. चिड. पण आधी हे वाच, कारण गुरुवारी जे झालं ते इथे कुणाला सांगून कळणार नाही. नितीनला सांगितलं, तो "बरं" म्हणाला आणि कुकर लावायला गेला. तब्येती सगळ्यांच्या ठीक, माझी पाठसुद्धा.

तर गाडी. प्रियस प्राइम. 2021 ला फोटो पाठवला तेव्हा तू विचारलंस पेट्रोलची का विजेची, मी म्हटलं दोन्हीची, आणि तू म्हणालीस म्हणजे आपली लुनाच की गं, पेट्रोल संपलं की पायडल! इथे फक्त उलटं, पायडल आधी संपतं. रात्री प्लग लावून बॅटरी भरायची, त्यावर साधारण 25 मैल म्हणजे 40 किलोमीटर, मग पेट्रोलचं इंजिन, ते गॅलनला 54 मैल, म्हणजे लिटरला 23 किलोमीटर. (लुना याच्या दुप्पट द्यायची, माहितीये, लिहू नकोस.) आता ऑफिसने आठवड्याचे पाचही दिवस बोलावलंय, फ्रीमॉन्टला, एका बाजूने 35 मैल. म्हणजे जाताना दहा मैल पेट्रोलवर जाणारच, पण ते कुठले दहा, हे आपल्या हातात असतं.

आणि डिसेंबरपासून सकाळी प्लग काढला की आकडा 25 नाही, 21. मग 19. नाताळानंतर एक दिवस 17. नितीन म्हणाला बॅटरी गेली, सत्तर हजार मैल झालेत, विकून पूर्ण इलेक्ट्रिकच घेऊ. चिन्मयची कॉलेजची फी तोंडावर आलीय, त्यात नवे हप्ते. मला झोप लागेना गं. रात्री दोनला गॅरेजमध्ये जाऊन चार्जिंगचा दिवा बघून यायचे. आणि पैशाचं सोड, मला ही गाडी द्यायचीच नाहीये, पाच वर्षांत तिचा आवाज न आवाज कळायला लागलाय.

मग मी जिवाचं रान केलं. हीटर बंद, हात गारठलेले, ट्रकच्या लेनमधून ताशी पंचावन्न मैलांनी. इकडे हिवाळ्यात खोऱ्यात टूली फॉग म्हणून धुकं पडतं, पुढची गाडी दिसत नाही असं. काच आतून धुरकटली. काच साफ करायचं बटण दाबलं की माझ्या गाडीत इंजिन सुरू होतं, म्हणून मी ते दाबलं नाही. ओढणीने काच पुसत चालवत होते, 205 हायवेवर, अंधारात, आणि एकदम समोर ट्रकचे लाल दिवे. ब्रेक लागला. बटण दाबलं. पाय थरथरत होते तशीच पुढच्या एक्झिटला उतरून थांबले.

आणि मला पन्हाळा आठवला. तू पेट्रोल वाचवायला उतारावर लुना बंद केलीस, इंजिनबरोबर दिवापण गेला, आणि त्या काळोखात मी तुझ्या मागे बसून काय काय बोलले तुला. आठ दिवस बोलली नव्हतीस. शुभे, ते सगळं मी त्या एक्झिटला स्वतःला बोलले. म्हणून फोन उचलायचं धाडस झालं नाही, हे खरं कारण.

आता गुरुवार. ऑफिसातल्या एकाने प्लगमध्ये लावायचं छोटं मीटर दिलं, भिंतीतून किती वीज गेली ते दाखवतं. बुधवारी बॅटरी पूर्ण उतरवून आणली, रात्री मीटर लावलं. इथे बारानंतर वीज स्वस्त होते आणि साध्या प्लगवर साडेपाच तास लागतात. सहाच्या आत उठून बघितलं. 6.3 युनिट! अगं या गाडीला 100 मैलांना 25 युनिट लागतात, म्हणजे 25 मैलांना सव्वासहा. जेवढी जायला पाहिजे तेवढीच वीज जातेय. बॅटरी धडधाकट आहे. तो समोरचा आकडा नुसता अंदाज असतो, मागचे काही दिवस गाडी कशी चालली त्यावरून बांधलेला, आणि मागचे दिवस म्हणजे थंडी, चाकांत हवा कमी (थंडीने उतरते, मी महिनाभर बघितलीच नव्हती), आणि त्याआधी बहात्तरने पळवलेली गाडी.

मी गॅरेजमध्ये एकटी हसत उभी. लुनाच्या टाकीत खराट्याची काडी घालून किती पेरं ओली झाली ते बघणारी तू, तुला नाही तर कुणाला सांगू?

आता असं करते. प्लग लागलेला असतानाच किल्लीवरच्या बटणाने गाडी गरम करून घेते, ती ऊब भिंतीच्या विजेची. गावातले सिग्नल बॅटरीवर. 205 ला लागले की लगेच इंजिन, कारण पुढे आल्टामाँटचा चढ आहे, पवनचक्क्यांचा, तुला व्हिडिओ पाठवलेला, आणि थंड इंजिनाला थेट चढावर जुंपायचं नाही, सपाटीवर आधी तापू द्यायचं. उतरताना थोडी वीज परत मिळते, मैलभराची. लिव्हरमोर-प्लेझंटनचा ट्रॅफिक बॅटरीवर. पूर्वी अशा गाड्यांना मिळणाऱ्या स्टिकरमुळे एकटीला कारपूल लेनमधून (एकाहून जास्त माणसं असलेल्या गाड्यांची लेन) सुसाट जाता यायचं, ती सवलत 30 सप्टेंबर 2025 ला अख्ख्या राज्यात बंद झाली, आता मी पण रांगेत. पण रांगेत इंजिन गप्प असतं ना, आजूबाजूला सगळे धूर सोडत उभे आणि आपल्या गाडीत फक्त आशाताई. मग सुनोलच्या चढाला परत इंजिन, पलीकडे उतार, उरलेली बॅटरी मिशन बुलेवार्डला. ऑफिसात चार्जर मिळाला तर दोन तासांत भरते, नाही मिळाला तर येताना पेट्रोल. आणि धुकं असलं की बटण दाबायचं. पहिल्यांदा दाबायचं.

पैशात फार फरक नाही, तुला खोटं सांगत नाही. मला युनिट 31 सेंटला पडतं, म्हणजे 100 मैलांना पावणेआठ डॉलर, पेट्रोलवर साडेआठ. नितीनने हेच तोंडावर मारलं. पण ट्रॅफिकमध्ये तासभर इंजिन जाळायचं नाही, याची किंमत त्या हिशोबात येत नाही, आणि मला ती मोजायची आहे. गाडी विकायची नाही असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं.

काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? पार्थची दहावी, त्याला माझे आशीर्वाद, फार मागे लागू नकोस. बदलीचं काय झालं ते सविस्तर लिही, मी वाचते सगळं, उत्तरच तेवढं राहतं.

आणि एक सांग. पन्हाळ्याला निघायच्या आधी तू काडी घातली होतीस टाकीत, मला दाखवली नव्हतीस. किती पेरं ओली होती?

तुझीच,
मंजू