अनेर नदीकाठच्या एका मळलेल्या पुस्तकाबद्दल मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : निसर्गाची पुस्तके वाचनालयाच्या कपाटाबाहेर काढण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

चोपडा तालुक्यातल्या एका गावात मी सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल आहे. गावाचं नाव लिहीत नाही. या पत्रात मी एक नियम मोडल्याचं कबूल करणार आहे, त्याचा ताप आमच्या कार्यकारी मंडळाला नको. मानधनाचं रडगाणंही गाणार नाही. ते आमच्या संघटना आपल्या दारी वर्षानुवर्षं गाताहेत. मला बोलायचंय ते एका डागाबद्दल.

मागे आमच्याकडे तपासणी झाली. आलेले साहेब भले होते. दाखल नोंदवही पाहिली, देवघेवीची वही पाहिली, मग कपाटातून सहज एक पुस्तक उपसलं. पक्ष्यांचं, रंगीत चित्रांचं, आमच्या खरेदीतलं सगळ्यात महाग. ते नेमकं खंड्याच्या पानावर उघडलं. त्या पानावर तळहाताएवढा तपकिरी डाग.

“हे काय?”

“केळीचा चीक, साहेब.”

आपण कदाचित केळीच्या बागेत कापणीला उभे राहिला नसाल. घड कापला की दांड्यातून चीक गळतो. आधी पाण्यासारखा दिसतो, वाळला की काळपट होतो, आणि मग साबण, सोडा, कशालाही बधत नाही. आमच्याकडे केळी कापणाऱ्या माणसाचे कपडे लांबूनच ओळखू येतात.

“पण यावर संदर्भग्रंथाचा शिक्का आहे. घरी द्यायचा नसतो. मग चीक लागला कसा?”

मी गप्प बसलो. शेऱ्यात ‘ग्रंथांची निगा असमाधानकारक’ असं आलं. ते वाक्य खोटं नाही. पण डाग कसा पडला ते शेऱ्याच्या रकान्यात मावणारं नव्हतं, म्हणून इथे लिहितोय.

आमच्या गावात एका सालदाराचा मुलगा होता. सहावीत. अनामत भरायची ऐपत नाही, म्हणून सभासद नाही. नुसताच येऊन बसायचा. मृग लागला, पहिला पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी हा काडेपेटी घेऊन हजर. आत ओलं गवत आणि दोन मृगाचे किडे. लाल मखमलीचे, बोटाच्या टोकाएवढे.

“आप्पा, हाऊ किडा पुस्तकमा कोठे शे?”

आमच्याकडे मुलांसाठी प्राण्यांचं एक जाड पुस्तक आहे. एका वर्षी वरून आलेल्या गठ्ठ्यात आलेलं. त्यात ध्रुवावरचं पांढरं अस्वल आहे, पेंग्विन आहे, कांगारू तर दोन पानं व्यापून आहे. मृगाचा किडा नाही. कीटकांचं एक पान मात्र होतं आणि त्यावर ठळक अक्षरांत छापलेलं, की कीटकांना सहा पाय असतात. पोरगा म्हणाला, मोजू. म्हाताऱ्या वाचकांना पेपर वाचायला आम्ही एक भिंग ठेवलंय, ते त्यानं उचललं. हा किडा हात लागला की पाय आवळून गोळा होतो, म्हणून टेबलावर सोडून वाट पाहावी लागते. आम्ही दोघं नाकं टेबलाला लावून बसलो. तो हळूच उलगडला, चालायला लागला. पोरानं एकदा मोजले, पुन्हा मोजले. आठ.

“पुस्तक चुकेल शे, आप्पा.”

मला उत्तर येईना. संध्याकाळी चोपड्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या ओळखीच्या सरांना फोन लावला. ते हसले. म्हणाले, तो कीटक नव्हेच. कोळी, गोचीड यांच्या भाऊबंदांतला. म्हणजे पुस्तक बरोबर आणि पोरगाही बरोबर. चूक होती ती आपण पिढ्यान्‌पिढ्या त्याला किडा म्हणतो त्यात. दुसऱ्या दिवशी हे सांगितलं तेव्हा पोराच्या चेहऱ्यावर जे आलं, ते पाहून मी संदर्भग्रंथांच्या कपाटाची किल्ली काढली आणि पक्ष्यांचं पुस्तक त्याच्या हातात ठेवलं. “ने घरी. पावसात भिजवू नको.” नियम मोडला तो असा. पुस्तक भिजलं नाही. बाप कापणीला, आई घड वाहायला आणि हा बांधावर पुस्तक उघडून, त्यात चीक लागला.

साहेब, आमच्या वाचनालयात दिवसभर पोरं असतात. बाहेरच्या लोकांना वाटतं, वाचनसंस्कृती फळफळली. ती सगळी तलाठी भरती, पोलीस भरती, वनरक्षक भरतीची. बोल लावत नाही, नोकरी पाहिजेच. एकदा एक जण मोठ्यानं घोकत होता : राज्यपक्षी हरियाल, राज्यप्राणी शेकरू, राज्यफुलपाखरू ब्ल्यू मॉर्मन. वाचनालयाच्या मागे उंबर आहे. फळं धरली होती आणि त्यावर हरियालांचा थवा उतरला होता. मी त्याला खिडकीशी नेलं. पाच मिनिटं त्याला काही दिसेना, कारण हरियाल पानांत पान होऊन बसतो. मग एकानं फांदी बदलली आणि पिवळे पाय दिसले. तो म्हणाला, “सर, हे तर आपल्याकडचं कबूतर आहे!” वनरक्षकाच्या परीक्षेत त्याला त्या प्रश्नाचा गुण मिळालाही असेल.

ग्रंथपालनाच्या वर्गात आम्हाला दशांश वर्गीकरण शिकवलं. ५९८ म्हणजे पक्षी. माझ्याकडे ५९८मध्ये एक पुस्तक आहे, तेच डागाचं. ८९१.४६मध्ये, म्हणजे मराठी साहित्यात, चार कपाटं. तिथे निसर्गावरच्या कवितेची वाण नाही. तापी ओलांडली की धरणगाव, बालकवींचं जन्मगाव. ज्याला मराठी माणूस निसर्गकवी म्हणतो तो आमच्या शिवारातला. पण कवितेतल्या पाखराला पाय किती आणि शेपटीवर पट्टे किती, हे विचारायचं नसतं. ते सांगणारी पुस्तकं वेगळी, आणि तीच आमच्याकडे नाहीत.

पट्टे-ठिपक्यांनी काय होतं, असं आपल्या सचिवांना वाटेल. त्यांच्यासाठी आमच्याच खानदेशातली एक गोष्ट सांगतो. ग्रंथपालाच्या जिवाला लागणारी आहे, कारण ती एका खोट्या चिठ्ठीची गोष्ट आहे.

वन पिंगळा हे एक छोटं घुबड. गावातल्या पिंगळ्याचा जंगली चुलत भाऊ म्हणा. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी असते, याच्या डोक्यावर ठिपके जवळपास नाहीत. शेपटीवर मात्र जाड पट्टे, आणि दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसायची सवय. १८७३ साली ह्यूम या पक्षी-अभ्यासकानं त्याची शास्त्रात नोंद केली. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन नावाचा एक इंग्रज सरकारी नोकर खानदेशात नेमणुकीला होता. वसुली, कज्जे सांभाळून हा गृहस्थ पक्षी पाही आणि पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादी त्यानं १८८२ साली छापली. शहादा-तळोद्याच्या रानात त्याला वन पिंगळा मिळाला. नमुन्याच्या पायाला चिठ्ठी बांधून तो विलायतेच्या संग्रहालयात गेला. १८८४नंतर पक्षी गायब. जगभरातल्या संग्रहालयांत मिळून सातच नमुने.

मग आणखी एक नमुना उजेडात आला. कर्नल माइनर्टझागेन या बड्या इंग्रज पक्षिसंग्राहकाचा, चिठ्ठीवर १९१४ आणि गुजरातेतलं मांडवी. झालं, लोक तिकडे शोधू लागले. सापडणार कसा? अमेरिकेच्या पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईनं तपासला तेव्हा कळलं की कर्नलसाहेबांनी संग्रहालयातलाच डेव्हिडसनचा जुना पक्षी पळवला, पुन्हा भरला आणि त्यावर आपली नवी चिठ्ठी लावली होती. खोटी चिठ्ठी बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांच्या मागावर निघाले. आधी पूर्वेकडच्या जागा पाहिल्या, हाती काही लागलं नाही. मग खानदेश. २५ नोव्हेंबर १९९७ला शहाद्याजवळच्या रानात बेन किंग यांना तो दिसला. फांदीवर, सकाळच्या उन्हात. ११३ वर्षांनी. (तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार जिल्हा पुढच्या जुलैत झाला.) नंतर तो मेळघाटात आणि इथून जवळच्या यावलच्या जंगलातही मिळाला.

११३ वर्षं तो हरवला होता म्हणजे कोणापासून हरवला होता? सातपुड्यातल्या पावरा, भिल्ल म्हाताऱ्यांनी तो रोज पाहिला असणार. त्यांना कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांच्या भाषेतलं नाव लिहायला पुस्तक नव्हतं. हा सगळा इतिहास मी वाचला तो इंग्रजीतून, डिक्शनरी मांडीवर घेऊन. माझ्या वाचनालयातल्या एकाही मराठी पुस्तकात तो मला सापडला नाही. चितमपल्लींनी विदर्भातल्या जंगलांत, वनमजुरांच्या शेकोटीला बसून पाखरांची नावं गोळा केली, त्यामुळे ती मराठीत टिकली. ते वनखात्याचे अधिकारी होते. डेव्हिडसनही सरकारी नोकरच. म्हणजे सरकारात बसून हे काम होत नाही, असं म्हणायला जागा नाही.

आता मागणं सांगतो.

आधी डागाचं. निसर्गाची ओळखपुस्तकं, म्हणजे पक्षी, झाडं, साप, फुलपाखरं यांची, संदर्भग्रंथाच्या शिक्क्यातून मोकळी करा. बांधावर न्यायचं पुस्तक कुलपात ठेवायचं, यासारखा दुसरा विनोद नाही. ती घरी जाऊ द्या, आणि चार-पाच वर्षांत मळून, फाटून बाद झाली तर निर्लेखनाला, म्हणजे ती नोंदीतून कमी करायला, साधी सोपी वाट द्या. आज एक पान फाटलं तरी ग्रंथपालाला धाकधूक, म्हणून तो पुस्तकच देत नाही. कोरं राहिलेलं पुस्तक तपासणीत पास होतं.

दुसरं, मोजणीचं. आमच्या वाचनालयाचा वर्ग ठरतो त्यात पुस्तकांची संख्या धरली जाते. मग एका चांगल्या रंगीत पुस्तकाच्या पैशात वीस पातळ पुस्तकं घ्यावी, हे शहाणपण ठरतं. कपाट भरतं, आकडा भरतो. अशा एका पुस्तकाला मोजणीत थोडं जास्त वजन द्या; कसं द्यायचं ते आपले अधिकारी माझ्यापेक्षा जास्त जाणतात.

आणि मुख्य म्हणजे खानदेशाचं स्वतःचं एक पुस्तक हवं. खिशात मावणारं, पाणी लागलं तरी तगणारं. त्यात सातपुड्यातला अंजन आणि सालई, हतनूर धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यात उतरणारी बदकं, पाटणादेवीचं रान, तोरणमाळ, आणि हो, मृगाचा किडा. प्रत्येकाचं मराठी नाव, शेजारी अहिराणी, लेवा गणबोली, पावरी, भिली. टिटवीनं उंच जागी अंडी घातली की पाऊस भरपूर, असं आमचे म्हातारे सांगतात; खरं असो नसो, तेही खाली बारीक अक्षरात असू द्या, नंतरचं कोणीतरी तपासेल. हे पुस्तक साहित्य आणि संस्कृती मंडळानं काढावं. मला माहीत आहे, वाचनालयं आपल्याकडे, भाषा मराठी भाषा विभागाकडे, जंगल वनखात्याकडे. पिंगळा कोणाकडे, हे तीन सचिवांनी चहा घेता घेता ठरवलं तरी चालेल.

भिलारला २०१७ साली पुस्तकांचं गाव झालं. चांगलं झालं. आम्हाला गाव नको, उद्घाटनही नको. प्रत्येक वाचनालयाला त्या एका पुस्तकाच्या पाच प्रती आणि एक भिंग एवढं पुरे.

शेऱ्यातली आणखी एक बाब राहिली : ‘पृष्ठांवर पेन्सिलीने मजकूर लिहिलेला आढळला.’ तोही खरा. खंड्याच्या पानावर डागाशेजारी त्या पोरानं लिहिलंय, ‘पोयाना दिन, अनेर, दोन.’ म्हणजे पोळ्याचा दिवस. हरियालाच्या पानावर, ‘वाचनालय, उंबर, सात.’ दिवस, जागा, संख्या. त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. डेव्हिडसनच्या चिठ्ठीवर याहून वेगळं काय असणार? मला खोडरबर घेऊन पानं स्वच्छ करायला सांगितलं होतं. मी अजून केलेली नाहीत.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या बापाचं साल संपलं. नवीन साल अनेरच्या पलीकडे, शिरपूरच्या बाजूला धरलं. बिऱ्हाड निघालं त्या सकाळी पोरगा पुस्तक परत करायला आला होता. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, आत एक नीळकंठाचं पीस.

आपला नम्र,
एक ग्रंथपाल,
ता. चोपडा, जि. जळगाव

ता. क. : ५९८चं ते एकमेव पुस्तक सध्या कपाटात नाही. मृगापर्यंत ठेव म्हणून त्यालाच परत दिलंय. तपासणी येणार असेल तर दोन दिवस आधी कळवावं. नदीपलीकडून मागवून ठेवतो.